कीपचा खण

३ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही हे ठाऊक नाही, म्हणून तो तूर्त पाकिटातच ठेवतो. लागला तर काढून घे.

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही वकीलबाईंच्या लेटरहेडवर, टाइप केलेलं आणि 'महोदय' या संबोधनाने. मामाला महोदय म्हणणारी भाची आपल्या कुळात तू पहिलीच. खाली सही मात्र तुझीच होती. 'भ'ची गाठ तू अजून तशीच मारतेस, लहानपणी मारायचीस तशी.

पत्र तीन वेळा वाचलं. तुझ्या बाबांनी ठकीची शाळा बंद केली आहे. दोन महिन्यांत तुला तुझी धाकटी बहीण एकदाच दिसली, तीही खिडकीतून. बारा वर्षांची पोर. तिचा ताबा तुला मिळावा म्हणून तू अर्ज केला आहेस आणि सुनावणी २८ ऑगस्टला आहे. त्या घरात बायकांना कसं वागवतात हे सिद्ध करायला वकीलबाईंना कागद हवा आहे, आणि तुझी आई मन मोकळं करायची ती फक्त मामाजवळ, असं तुझं म्हणणं. तेव्हा महोदयांनी तिची पत्रं द्यावीत.

पोरी, दिली असती गं. पण तुझ्या आईने मला पत्रं लिहिलीच नाहीत.

ती पाठवायची त्या चिठ्ठ्या. तू दवाखान्यात क्ष-किरण काढतेस, लोकांची हाडं बघतेस. मी शब्दांची बघतो, आणि आमचं क्ष-किरणाचं यंत्र म्हणजे चिठ्ठी. हातभर कागदाचा आठवा हिस्सा. डाव्या कोपऱ्यात इंग्रजी क्रियापद, मध्ये ते ज्यात आलं आहे असं एक वाक्य, खाली स्रोत आणि तारीख. एका चिठ्ठीवर एकच वाक्य. चिठ्ठी आली की ज्या त्या क्रियापदाच्या खणात टाकायची. अशा दोन लाखांवर चिठ्ठ्या आमच्या कार्यालयात आहेत, आणि त्यांवरून इंग्रजी-मराठी कोश होतो. लग्नाआधी तुझी आई इथेच चिठ्ठ्या लिहायची. तुझे बाबा हे खणांचं कपाट बसवायला आले तेव्हा त्यांनी तिला पाहिलं. दारं-खिडक्यांचा कारखाना, निर्व्यसनी, बोलायला मऊ. जमवलं मीच. लग्नानंतरही ती दर पंधरवड्याला दहा-बारा चिठ्ठ्या पोस्टाने पाठवत राहिली. वर्तमानपत्रातली वाक्यं, कथांतली वाक्यं. कुशल विचारणारी ओळ सुद्धा नाही. मी तिला गमतीने म्हणायचो, अगं, बहीण आहेस की वार्ताहर?

एकदा ती तुम्हा दोघींना घेऊन चार दिवस राहून गेली, तुला आठवत असेल. तेव्हाही काही बोलली नाही.

सध्या मी दुसऱ्या आवृत्तीसाठी 'कीप' हे क्रियापद घेऊन बसलो आहे. साधं वाटतं, आणि साध्या क्रियापदांनीच कोशकार म्हातारा होतो. याचं मूळच सापडत नाही. हजार वर्षांपूर्वी ते इंग्रजी लिखाणात एकदम उगवलं. जर्मनकडे विचारलं, नाही म्हणाले. लॅटिनकडे विचारलं, ओळखत नाही. आमच्या संस्कृतचा तर प्रश्नच नाही, आणि एरवी कुठल्याही इंग्रजी शब्दाचा आजोबा संस्कृतात निघाला की माझी छाती कशी फुगते हे तुला माहीत आहे. याला भाऊबंद नाहीत. आज त्याचा अर्थ ठेवणं, राखणं, सांभाळणं. सुरुवातीचा अर्थ मात्र टपून बसणं, नजर ठेवणं, पकडणं. आमच्यातही गंमत अशीच आहे म्हणा: 'रक्ष्' म्हणजे राखणं, आणि जुने टीकाकार त्यातूनच राक्षस काढतात.

तर पत्रं नाहीत. माझ्याकडून ठकीला मदत होण्यासारखं काही नाही, याचं वाईट वाटतं.

तुझा,
मामा, ऊर्फ महोदय


१९ जुलै

भिंगरी,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच पत्र होतं ते.

परवा दुपारी कीपचा खण टेबलावर उपडा केला. तीनशे चाळीस चिठ्ठ्या. त्या निवडायला आमच्या काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे तीस वर्षं कार्यालयात चिठ्ठ्या लावणाऱ्या बाई. इंग्रजी चौथीपर्यंतचं, पण कुठल्या खणात काय आहे ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. सगळे मला पंडित म्हणतात ते यांच्यामुळेच, आणि त्यात आदर कमी, कीव जास्त.

"पंडित, जरा इकडे या."

"काय, उंदीर निघाला?"

"उंदीर परवडला. ह्या बघा. एका हातच्या आहेत सगळ्या. मी वेगळ्या काढल्या."

एकवीस चिठ्ठ्या. तुझ्या आईचं अक्षर.

"धाकटीच्या आहेत," मी म्हटलं. "चांगली वाक्यं द्यायची. बघा ना, मी लाल पेन्सिलीने 'छान' लिहिलंय."

"वाचा की."

"वाचल्यात हो काकू, अर्थ लावूनच खणात टाकल्यात."

"अर्थ नका लावू," काकू म्हणाल्या. "नुसत्या वाचा. एकीमागून एक."

तेव्हा त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि वाचल्या. इथे मराठी करून देतो. मूळ वाक्यांत प्रत्येक ठिकाणी कीप आहे.

दुधाला या हवेत दोन तासही धीर धरवत नाही.

बस म्हणेपर्यंत ती उभीच राहिली.

दार बाहेरून बंद ठेवतात.

किल्ली तो आंघोळीलाही जवळ बाळगतो.

वडिलांच्या अंत्ययात्रेला तिला जाऊ दिलं नाही.

'पोरीला गप्प ठेव, नाहीतर मी करतो,' तो म्हणाला.

तिची प्रकृती उत्तम असते असं तो शेजाऱ्यांना सांगतो.

थोरली खिडकीत पहारा देते.

अशी जखम किती दिवस उघडी राहते?

थांबतो. थोरली म्हणजे कोण, हे मी तुला सांगायला नको.

पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्यांखाली वर्तमानपत्राचं नाव आहे. पुढच्या सगळ्यांखाली स्रोत म्हणून एकच शब्द: 'ऐकीव'. आमच्या नियमात ऐकीव चालतं. कोणी बोलताना कानावर पडलं, लिहून घेतलं, झालं. मी 'ऐकीव' वाचायचो आणि म्हणायचो, वा, पोरीचे कान तिखट आहेत.

दुधावर मी 'छान' लिहिलं आहे. उभं राहणाऱ्या बाईवर 'छापा' लिहिलं आहे. ती छापली. पहिल्या आवृत्तीत पृष्ठ सहाशे बारावर ती दहा वर्षं उभी आहे.

आजोबा गेले तेव्हा ती आली नाही. भेटायला आलेल्यांना मी सांगत होतो की तिला संसारातून सवड नाही. मला तिचा रागही होता. तोपर्यंत ती चिठ्ठी येऊन खणात पडलेली होती, तारीख बघितली.

आता तुझ्या वकीलबाईंना समजेल अशा भाषेत सांगतो. तुझ्या बाबांना इंग्रजी येत नाही. टपालाने काय जातंय म्हणून ते तिची पाकिटं उघडून बघत. आत दिसायचे शाळेच्या फळ्यावरच्यासारखे तुकडे: एक शब्द, एक वाक्य, एक तारीख. 'ऑफिसचं काम आहे,' ती सांगत असणार. त्यांनी जाऊ दिलं. तिला दुसरी वाट नव्हती, आणि ही वाट ज्याच्या टेबलाशी येऊन संपत होती, तो माणूस वाक्यं निवडत होता.

मराठीत लिहिली असती तर ही वाक्यं वेगवेगळ्या खणांत गेली असती. ठेवणं, राहणं, बाळगणं, पहारा देणं. या एका पोरक्या, भाऊबंद नसलेल्या इंग्रजी क्रियापदाने त्यांना एकत्र ठेवलं म्हणून मला दिसली.

एका खणात एकवीस. क्रियापदं सहा हजार आहेत.

मामा


५ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. 'बाकीच्या शोधा. २८च्या आत.' आईचा लेखनसंयम तुझ्यात उतरला आहे.

शोधतो आहे. सकाळी नऊपासून कार्यालय बंद होईपर्यंत काकू आणि मी. काकूंना अक्षर ओळखू येतं, त्यामुळे त्या इंग्रजी न वाचता माझ्या दुप्पट वेगाने काढतात. 'लॉक'मध्ये नऊ. 'लेट'मध्ये, म्हणजे करू देणं, चौदा, त्यातल्या अकरांत नकार. 'हिट'मध्ये मी आधी बघायला धजत नव्हतो. तिथे फक्त एक निघाली, क्रिकेटच्या बातमीतली. बरं वाटलं. मग काकू 'फॉल'चा खण घेऊन आल्या. ती वारंवार पडायची, भिंगरी. जिन्यावरून, ओट्यावरून, मोरीत. पडणं या क्रियापदाला कर्ता एकच लागतो. धक्का देणारा दुसरा कोणी वाक्यात लिहावा लागत नाही, आणि तिने लिहिला नाही.

आजवर एकशे बासष्ट. सगळ्यांवर तारखा आहेत. शेवटची ती जाण्याआधी चार दिवसांची, 'ब्रीद'च्या खणात: रात्री उताणं झोपलं की श्वास पुरत नाही, बसलं की पुरतो. डॉक्टर आणला तो सहाव्या दिवशी, असं तूच तेव्हा ओरडून सांगत होतीस, आणि मी तुला शांत हो म्हणत होतो. तिथेच तू माझ्याशी बोलणं टाकलंस. बरोबर केलंस.

संचालकांकडे गेलो. तरुण माणूस, हुशार, बोलण्यात इस्त्री.

"सर, चिठ्ठ्या ही संस्थेची मालमत्ता आहे."

"बहीण माझी होती."

"त्याबद्दल वाद नाही, सर. पण यातली काही वाक्यं आपण छापली आहेत. उद्या पेपरात आलं की कोशातली उदाहरणं म्हणजे एका बाईच्या..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. मी त्यांना तीन पर्याय सुचवले, एकही पसंत पडला नाही.

"मग काय करू?"

"न्यायालयाचं पत्र आणा. मी खणासकट देतो. पण माझ्या सहीने आपण होऊन नाही."

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पत्र चार दिवसांत निघेल. बाई कमी बोलतात, पण बोलल्या की काम झालेलं असतं. तू माणसं चांगली निवडतेस. हा गुण माझ्याकडून नाही आला.

काकूंनी विचारलं, "बादचे गठ्ठेही बघायचे का, पंडित?" ज्या चिठ्ठ्या कोशाला उपयोगी नाहीत त्यांवर कारण लिहून आम्ही गठ्ठा बांधून माळ्यावर टाकतो. मी म्हटलं, नको, तिथे नुसता कचरा असतो, आणि धूळ तुम्हाला सोसत नाही.

त्या चार दिवसांबद्दल मागे लिहिलं होतं की ती काही बोलली नाही. थोडं बोलली होती. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता म्हणाली, "दादा, तिकडे फार बंद बंद वाटतं." मी म्हटलं, "मग खिडक्या उघडत जा. नवरा खिडक्याच तर बनवतो." ती हसली. माझ्या विनोदाला ती नेहमीच हसायची. अशी माणसं आयुष्यात असू नयेत.

मामा


१७ ऑगस्ट

भिंगरी,

न्यायालयाचं पत्र आलं, चिठ्ठ्या मोजून सीलबंद झाल्या: दोनशे चार. काकूंनी पावतीवर सही केली आणि घरी जाऊन दोन दिवसांची रजा टाकली. तीस वर्षांतली त्यांची पहिली.

काल वकीलबाईंनी मला बोलावून साक्षीची तालीम घेतली. त्यांची कचेरी म्हणजे एका छपाईच्या दुकानावरची खोली. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचा पेला चालायला लागतो, आणि बाई बोलता बोलता तो मागे सरकवतात. तुझ्या बाबांचा वकील काय काय विचारेल ते त्या विचारत होत्या.

"हे अक्षर मयत बाईंचं कशावरून?"

मी सांगितलं.

"या चिठ्ठ्या तुम्ही नंतर लिहवून घेतल्या नाहीत कशावरून?"

मी आवक-वहीचे शिक्के दाखवले.

"ही वाक्यं तिच्याच घरातली कशावरून? बाई कोशाचं काम करायच्या. रचली असतील."

मी पुन्हा शिक्क्यांवरच बोट ठेवलं. बाईंनी पेला मागे घेतला. "हाच त्यांचा एक मुद्दा आहे, पण तो पुरेसा आहे. 'उदाहरणार्थ' असं म्हटलं की पुरावा संपला. बरं, पुढचा प्रश्न. तुम्हाला त्या वेळी कळलं होतं का, की बहीण हे स्वतःबद्दल लिहिते आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"एकदाही?"

"प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या क्रियापदाची असायची, बाई. एका चिठ्ठीवर एकच वाक्य, आणि ते त्याच दिवशी खणात. दोन चिठ्ठ्या शेजारी येतच नव्हत्या. पद्धतच तशी आहे. जगातल्या सगळ्या मोठ्या कोशांची हीच पद्धत..."

"पद्धत कळली," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारल्यापेक्षा जास्त बोलता. तिथे हो किंवा नाही एवढंच म्हणा."

तेव्हा मी तिथे 'नाही' म्हणणार आहे. हे तुला आधी कळवलेलं बरं. पद्धतीचा दोष खरोखरच मोठा आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मी तो मांडणार आहे.

ठकी तुझ्याकडे आली तर तिची शाळा कुठली, याची चौकशी करून ठेव. तुझ्या त्या एका खोलीत दोन खाटा मावतील का? मावल्या नाहीत तर मला सांग. माझ्याकडे एक घडीची आहे.

मामा


३१ ऑगस्ट

भिंगरी,

तीन दिवसांपूर्वी न्यायालयाच्या व्हरांड्यात तू माझा हात धरलास. सहा वर्षांनी. म्हणालीस, "मामा, तुमच्यामुळे झालं." आणि ठकीला म्हणालीस, "हे मामा. यांनी आईच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या." ठकीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्या?" तू म्हणालीस, "रविवारी जेवायला या, त्या वेळी बोलू."

रविवार उद्या आहे. त्याआधी हे पत्र पोहोचावं म्हणून ते तुझ्या दवाखान्यात स्वतः नेऊन देतो आहे.

आत काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू बाहेर बाकावर ठकीजवळ होतीस आणि सुनावणी बंद दाराआड होती. वकीलबाईंना मी निघताना विचारलं, भाचीला सांगणार का? त्या म्हणाल्या, "निकाल सांगितला. बाकीचं माझ्या कामाचं नाही. तुम्ही सांगा, किंवा सांगू नका." त्यांनी तोंड उघडलं नसतं. संचालकांना ठाऊक नाही. काकूंना ठाऊक आहे, बादचे गठ्ठे त्याच बांधतात, पण त्या मला कधी बोलणार नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट आहे.

तुझ्या बाबांचा वकील चांगला होता. गोड हसून म्हणाला, "पंडितजी, आपल्या कोशात 'राजा मेला' असं उदाहरण आहे. मग कोणत्या राजाच्या घरी सांत्वनाला जायचं?" सगळे हसले. न्यायाधीशबाईसुद्धा. दुसरं कोणी बोललं असतं तर मीही हसलो असतो, इतका तो माझ्या जातीचा विनोद होता. मग त्याने पृष्ठ सहाशे बारा उघडून दाखवलं. "हे आपणच छापलं? उदाहरण म्हणून?" हो म्हणालो. "या चिठ्ठ्यांवर 'छान' आपणच लिहिलं? वाक्य चांगलं आहे म्हणून?" हो. "म्हणजे एकोणीस वर्षं आपण स्वतः यांना उदाहरणंच समजत होता. आणि आज अचानक त्या तक्रारी झाल्या." तो खाली बसला. न्यायाधीशबाईंनी लेखणी ठेवली. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यावरून मला कळलं की ठकी हातची चालली.

माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. दोनशे चारांतली नव्हे. माळ्यावरच्या बादच्या गठ्ठ्यातली. तिथे मी काकू रजेवर असताना सरळ गेलो होतो. कुठला गठ्ठा, कितवी गाठ, मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. ती घेऊन मी न्यायालयात का गेलो हे मला सांगता येणार नाही, कारण 'नाही' म्हणायचं ठरवून गेलो होतो.

आता ते चार दिवस. तू तेरा वर्षांची होतीस, ठकी अकरा महिन्यांची. तुझी अशी समजूत आहे की तुमच्या बाबांनी तुम्हाला शोधून काढलं. त्यांना शोधावं लागलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी फोन केला. ती आदल्या संध्याकाळी म्हणाली होती, "दादा, मी परत जाणार नाही." पाठीवरचं दाखवलं होतं. चहाच्या वेळचं बोलणं मी तुला लिहिलं, हे लिहिलं नाही. मी पाहिलं, आणि म्हटलं, बघू या. मग दुकानात जाऊन फोन केला. का, ते लिहितो, कारण त्याला चांगलं कारण नाही. मला दोन खोल्या होत्या. बाळ रात्री रडायचं. पहिल्या आवृत्तीची मुद्रितं टेबलावर होती आणि तू त्यांवर बसून चित्रं काढत होतीस. मला घरात शांतता लागायची. एवढंच आहे. मोठं काही सापडतं का म्हणून मी अकरा वर्षं शोधलं.

त्यानंतर महिन्याने ही चिठ्ठी आली. तिच्यावर स्रोत नव्हता, ऐकीवसुद्धा नाही. ही कोशासाठी नव्हती, हे मला दारातच, पाकीट हातात असतानाच कळलं. दुसरी कुठलीही चिठ्ठी असती तर कीपच्या खणात टाकली असती. ही टाकवली नाही. फाडवलीही नाही. नियमात स्रोत नसलेल्या चिठ्ठीला एक जागा आहे, म्हणून तिथे टाकली.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, वकीलसाहेब म्हणतात ते अर्धं खरं आहे. मी उदाहरणं समजत होतो. पण ही एक मी बाद केली. कोशकार उदाहरण बाद करतो ते वाक्य वाईट म्हणून. हे वाक्य चांगलं आहे. मी ते बाद केलं, कारण ते माझी बहीण मला म्हणत होती हे मला ठाऊक होतं. आणि ही आल्यानंतर पुढची पाच वर्षं जेवढ्या चिठ्ठ्या आल्या, तेवढ्या प्रत्येक वेळी ठाऊक होतं. तरी 'छान' लिहीत गेलो.

न्यायाधीशबाईंनी चिठ्ठी मागून घेतली. तुझ्या बाबांचा वकील उठलाच नाही. त्याला विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि त्यानंतर ठकी तुझ्याकडे आली.

तेव्हा 'तुमच्यामुळे झालं' हे तू म्हणालीस ते खरं आहे. 'जपून ठेवल्या' हेही खरं आहे. ठकीने विचारलं, 'सगळ्या?', त्याचं उत्तर सोबत जोडतो. मूळ चिठ्ठी न्यायालयात आहे, ही झेरॉक्स. तिला दाखवायची की नाही, आणि उद्या दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी सकाळी अकराला येईन, खाली रस्त्यावर थांबेन. खिडकीतून मला बघून आत गेलीस तर मी समजेन आणि परत जाईन. त्याबद्दल पुन्हा कधी लिहिणार नाही.

इंग्रजीत चिठ्ठीवर तीन शब्द आहेत. पहिला मराठीच आहे, फक्त रोमन लिपीत. मराठीत उतरवून देतो, खालचं लाल पेन्सिलीतलं अक्षर माझं.

कीप

दादा, मला ठेवून घे.

स्रोत:

बाद. स्रोत नाही.